पिवळा दिवा



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. विषय ऐकून आमची सूनबाई म्हणाली, "बाबा, हे कोण वाचणार?" खरं आहे. पण हा विषय गेली काही वर्षं डोक्यात ठाण मांडून बसलाय, तो एकदाचा लिहून काढतो. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल चहा घेऊन यावं.

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर, वॉचमनच्या टेबलामागे भिंतीवर एक लाल पत्र्याची पेटी आहे. आगीची सूचना देणारी. तुमच्याही इमारतीत असेल, फक्त तिच्याकडे कधी नीट बघितलं नसेल. तिच्यावर तीन दिवे असतात. हिरवा म्हणजे वीज आहे, सगळं ठीक. लाल म्हणजे आग. आणि तिसरा पिवळा, त्याखाली लिहिलेलं असतं 'ट्रबल', काही पेट्यांवर 'फॉल्ट'. हा दिवा आगीबद्दल काहीच सांगत नाही. तो पेटीच्या स्वतःच्या तब्येतीबद्दल सांगतो. कुठेतरी वायर तुटली आहे, बॅटरी उतरली आहे, एखादं टोक भिंतीतल्या ओलीमुळे जमिनीला लागलं आहे. थोडक्यात, "आग लागली तर मी तुम्हाला सांगू शकेनच असं नाही" एवढंच तो म्हणत असतो.

२०१८ साली मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. जुलै महिन्यात एक तरुण मुलगा लॅपटॉप घेऊन आला, पेटीला वायर जोडली आणि मला विचारलं, "सर, ट्रबल आला तर पॅनेलने काय करायचं ते सांगा. तसं प्रोग्रॅम करतो." मी दोन शब्दांत उत्तर दिलं. ते शब्द पुढे सांगतोच. आधी इतिहास. मास्तरकीची सवय, दुसरं काय.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, बोस्टन शहरात. १८४४ च्या मे महिन्यात मोर्सने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेने संदेश पाठवला. त्यानंतर वर्षभरातच, १८४५ मध्ये, विल्यम चॅनिंग नावाच्या बोस्टनच्या एका डॉक्टरने वर्तमानपत्रात लिहिलं की ही तारयंत्राची युक्ती आगीच्या सूचनेसाठी वापरता येईल. तोपर्यंत आग लागली की चर्चच्या घंटा बडवायच्या आणि लोकांनी धूर दिसेल तिकडे धावायचं, अशी पद्धत. घंटा ऐकू यायची, पण आग कुठे हे घंटा कशी सांगणार? बंब भलत्याच गल्लीत जायचे.

चॅनिंगची कल्पना सोपी होती. शहरभर रस्त्यांवर पेट्या लावायच्या. प्रत्येक पेटीला नंबर. आग दिसली की पेटीतलं हँडल फिरवायचं, त्यासरशी तो नंबर तारेवरून मध्यवर्ती कचेरीत उमटणार, आणि कचेरीतला माणूस शहरातल्या घंटांवर ठोके देऊन तो सगळ्यांना कळवणार. मोझेस फार्मर नावाच्या हुन्नरी माणसाने ती प्रत्यक्षात आणली. २८ एप्रिल १८५२ रोजी बोस्टनची यंत्रणा सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी पहिली खरी वर्दी आली. सुरुवातीला हँडल हाताने फिरवायचं होतं. आग बघून घाबरलेला माणूस ते कसं फिरवणार याचा अंदाज तुम्ही करू शकता. कुणी भराभर, कुणी थांबत थांबत, मग कचेरीत काय उमटलं ते समजेना. पुढे पेट्यांत घड्याळासारखी चावीची यंत्रं बसवली. माणसाने फक्त आकडा ओढायचा, बाकी यंत्र आपल्या गतीने नंबर सांगणार.

चॅनिंग डॉक्टर होता हे महत्त्वाचं आहे बरं का. १८५५ मध्ये त्याने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत या यंत्रणेवर व्याख्यान दिलं. त्याने तिची तुलना चक्क माणसाच्या मज्जासंस्थेशी केली. रस्त्यावरच्या पेट्यांकडून कचेरीकडे येणाऱ्या तारा म्हणजे संवेदना नेणाऱ्या नसा, कचेरीतून घंटांकडे जाणाऱ्या तारा म्हणजे स्नायू हलवणाऱ्या नसा, आणि कचेरी म्हणजे मेंदू. दक्षिण कॅरोलायनातल्या कॅम्डेन गावच्या जॉन गेमवेल नावाच्या पोस्टमास्तरने या यंत्रणेचे हक्क विकत घेतले. मधल्या यादवी युद्धात हा गृहस्थ हरणाऱ्या बाजूला, म्हणून सरकारने ते हक्क जप्त केले. युद्धानंतर ते परत मिळाले आणि पुढे त्याच्या नावाच्या कंपनीच्या पेट्या अमेरिकेतल्या शेकडो शहरांत लागल्या. गेमवेलची गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे. असो.

मला यातली जी गोष्ट सगळ्यात आवडली ती वेगळीच आहे. त्या तारांमधून वीज कधी वाहत असे? तुम्ही म्हणाल, आग लागल्यावर. आपल्या दारावरच्या बेलसारखं, बटण दाबलं की वीज वाहते, एरवी नाही. पण तसं नव्हतं. रस्त्यावरच्या पेट्यांच्या तारेतून वीज चोवीस तास वाहत असे, आणि वर्दी देताना पेटी ती वीज क्षणभर तोडायची. तोडण्याचे ठोके मोजून कचेरीला नंबर कळायचा.

याला शास्त्राच्या पुस्तकात 'बंद परिपथ' म्हणतात. शाळेत विज्ञानाच्या बाई रजेवर असल्या की मला तो तास घ्यावा लागे आणि या शब्दावर मुलं हमखास घसरत. घरात 'दिवा बंद' म्हणजे वीज नाही, आणि पुस्तकात 'परिपथ बंद' म्हणजे वीज वाहते आहे! मी तरी त्यांना काय समजावणार, मीच घसरायचो.

उलटी पद्धत का निवडली? कारण तार कधी ना कधी तुटणारच. वादळात तुटेल, बर्फाने तुटेल, कुणाची शिडी लागून तुटेल. दाराच्या बेलची वायर तुटली तर कुणालाही कळत नाही. पाहुणा येऊन बटण दाबत उभा राहतो आणि आत आपण निवांत पेपर वाचत असतो. पण ज्या तारेतून वीज सतत वाहते आहे ती तुटली की कचेरीत त्याच क्षणी कळतं. घंटेचा एकच ठोका पडतो आणि पुढे काही नाही. नंबर नाही, म्हणजे आग नाही. कुठेतरी तार गेली. लगेच माणूस काठी-शिडी घेऊन तार शोधायला निघायचा.

पुण्यात पेठेत राहत असताना आमच्या आळीत रात्री गुरखा फिरायचा. काठी आपटत, मधूनच शिट्टी मारत. लहानपणी मला वाटायचं, हा चोरांना सावध का करतो? आजोबा म्हणाले, "अरे, तो चोरांसाठी नाही वाजवत. आपल्यासाठी वाजवतो." झोपेत ती काठी ऐकू येत राहिली की माणूस कूस बदलून परत झोपतो. आणि ज्या रात्री ती ऐकू येत नाही त्या रात्री आजोबा खरोखर उठून खिडकीपाशी जायचे. बोस्टनच्या तारेतली वीज म्हणजे ती काठी. वर्गातल्या हजेरीचंही तेच. मुलाने "हजर" म्हटलं तर मास्तर पुढच्या नावाकडे वळतो. नजर वर होते ती उत्तर आलं नाही तर.

हे सगळं फुकट होत नव्हतं. चोवीस तास वीज वाहायची म्हणजे बॅटऱ्या चोवीस तास झिजणार. कचेरीच्या एका खोलीत काचेच्या बरण्यांच्या रांगा असत, त्यात मोरचूदाचं निळं पाणी आणि जस्ताचे तुकडे. त्या सतत साफ करायच्या, भरायच्या. म्हणजे वर्षभर रोज पैसे खर्च करायचे ते कशासाठी, तर "काही झालेलं नाही" हे ऐकण्यासाठी. कुठल्याही कमिटीला असा खर्च पटवून देणं किती अवघड असतं, हे मी आता अनुभवाने सांगू शकतो.

आता शिकागो. ८ ऑक्टोबर १८७१ ची रात्र. शिकागोतही तशाच पेट्या होत्या, आणि शिवाय कोर्टाच्या इमारतीच्या मनोऱ्यावर टेहळणीला माणूस. त्या रात्री मनोऱ्यावर मॅथायस शेफर होता. त्याला नैऋत्येला उजेड दिसला, पण अंतराचा अंदाज चुकला आणि त्याने खालच्या ऑपरेटरला, विल्यम ब्राऊनला, ३४२ नंबरची पेटी वाजवायला सांगितली. ती आगीपासून बरीच दूर होती. थोड्या वेळाने शेफरला चूक कळली, त्याने दुसरा, जवळचा नंबर वाजवायला सांगितलं. ब्राऊनने नकार दिला. एकदा दिलेली वर्दी बदलली तर गोंधळ होईल, आणि बंबांना जाताना आग वाटेत दिसेलच, असं त्याचं म्हणणं.

ही गोष्ट बऱ्याच पुस्तकांत सापडते. पण तिच्या शेजारी एक छोटी गोष्ट आहे, मला ती जास्त छळते. आगीच्या जवळच ब्रुनो गॉल नावाच्या औषधवाल्याच्या दुकानावर वर्दीची पेटी होती. नंतर गॉलने सांगितलं की आपण पेटी ओढली होती. कोर्टाच्या इमारतीत मात्र त्या पेटीकडून काहीही आलं नाही. मग गॉल खोटं बोलत होता? त्याने पेटी ओढलीच नाही? की ओढली, पण पेटी किंवा तार बिघडलेली होती? आज दीडशे वर्षांनीही अभ्यासक यावर वाद घालतात. त्या आगीत सुमारे ३०० माणसं गेली, जवळपास १७,००० इमारती जळाल्या आणि एक लाख लोक बेघर झाले. वर्दी काही मिनिटं आधी पोचली असती तर काय झालं असतं, कोण सांगणार.

पुढच्याच वर्षी, ९ नोव्हेंबर १८७२ रोजी, खुद्द बोस्टन जळालं. ७७६ इमारती. ज्या शहराने ही यंत्रणा शोधली, तिथेच. तिथल्या पेट्यांना कुलपं होती, किल्ल्या पोलिसांकडे आणि मोजक्या लोकांकडे. खोट्या वर्द्या नकोत म्हणून. आग दिसली तरी बराच वेळ पेटी कुणी ओढली नाही, ५२ नंबरच्या पेटीवरून वर्दी गेली तेव्हा इमारत वरपर्यंत पेटलेली होती. त्यात शहरातले घोडे साथीच्या रोगाने आजारी, बंब माणसांनी ओढले. तारेचं काम चोख होतं, अडलं ते कुलपाशी.

मधली शंभर वर्षं मी भरभर सोडून देतो. रस्त्यावरच्या पेट्यांचं तत्त्व इमारतींच्या आत आलं. धूर ओळखणारी उपकरणं आली, छतावरचे पाण्याचे फवारे आले. अमेरिकेत १८९६ मध्ये स्थापन झालेल्या अग्निसुरक्षा संघटनेने नियम केले. आज तिथे 'एनएफपीए ७२' नावाचा नियमग्रंथ प्रमाण मानतात, आपल्याकडे 'आयएस २१८९' हे भारतीय मानक आहे. मोरचूदाच्या बरण्या गेल्या, पण काठी आपटणं चालूच राहिलं. फक्त ते आता एका चिमुकल्या वस्तूने होतं. शेंगदाण्यापेक्षा लहान, अंगावर रंगीत पट्टे असलेला रेझिस्टर. वायर इमारतभर फिरून जिथे संपते त्या शेवटच्या टोकाला तो बसवतात. त्याच्यातून अगदी थोडी वीज सतत वाहत राहते. ती वाहते आहे म्हणजे वायर शेवटपर्यंत शाबूत आहे. वायर मध्येच तुटली की वीज थांबते, आणि पिवळा दिवा लागतो. १८५२ ची काठीच ती.

हा रेझिस्टर शेवटच्या टोकालाच हवा, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

१९८० नंतर पेट्यांमध्ये संगणकाची चिप आली आणि एक नवीन प्रश्न उभा राहिला. पूर्वी तार तुटली की ठोका पडायचा, तिथे कुणाला विचारायचा प्रश्न नव्हता, ते यंत्राच्या अंगातच होतं. आता पेटी आधी ओळखते की काय झालंय (आग, की फवाऱ्याचा नळ कुणी बंद केलाय, की बिघाड) आणि मग काय करायचं ते तिच्यात लिहून ठेवलेलं असतं. आग लागली तर घंटा वाजव, लिफ्ट खाली आण, अग्निशमन दलाला कळव. बिघाड झाला तर? इथे माणसाला ठरवता येतं. काय वाजवायचं, कुणाला कळवायचं, किती वेळाने.

नियम करणाऱ्यांनी यावर किती विचार केलाय हे वाचून मी थक्क झालो. बिघाड झाल्यापासून २०० सेकंदांच्या आत तो दिसला-ऐकू आला पाहिजे. आवाज बंद करता येतो, पण बिघाड तसाच राहिला तर चोवीस तासांत तो परत वाजला पाहिजे, म्हणजे बंद करून विसरता येत नाही. बिघाडाचा आवाज आगीच्या घंटेपेक्षा वेगळा हवा, नाहीतर लोक वायर तुटली म्हणून जिन्याने पळतील आणि दोनदा पळाल्यावर तिसऱ्यांदा खऱ्या आगीत पळणार नाहीत. वीज गेली तर त्याची वर्दी बाहेरच्या केंद्राला लगेच द्यायची नाही, एक ते तीन तास थांबायचं. का? वादळात अख्ख्या गावाची वीज गेली की हजार इमारती एकदम ओरडायला लागतील आणि त्या गोंगाटात ज्या एका इमारतीला खरी आग लागली आहे तिचा आवाज बुडेल. तोवर बॅटरी आहेच.

आणि सगळ्यात सुंदर गोष्ट. बिघाडाची खबर बाहेर देणारा जो रिले असतो त्याला सगळं ठीक असताना वीज देऊन ओढून धरलेलं असतं. पेटी पूर्ण मेली, वीज गेली, बॅटरीही संपली, तरी तो रिले सुटतो आणि सुटण्यानेच खबर जाते. मेलेली पेटी आपल्या मरणाची खबर देऊ शकते! चॅनिंग डॉक्टर हे बघून खूश झाला असता.

पण यंत्र काहीही सांगो, ऐकणारा माणूसच. ४ मे १९८८ ची रात्र, लॉस एंजलिस. फर्स्ट इंटरस्टेट बँकेची ६२ मजली इमारत. फवारे बसवण्याचं काम जवळजवळ संपत आलेलं, पण पाणी अजून सोडलेलं नव्हतं. फवारे बसवणाऱ्या कामगारांना काच पडल्याचा आवाज आला, धूर दिसला, त्यांनी सूचनेची कळ ओढली. खाली सुरक्षारक्षकांना वाटलं, काम चालू आहे, कामगारांनीच काहीतरी केलं असेल. त्यांनी आवाज बंद केला. मग वरच्या मजल्यांवरून धुराच्या सूचना येत गेल्या, त्याही पुन्हा पुन्हा पुसल्या. काय झालंय ते बघायला एक देखभाल कर्मचारी लिफ्टने बाराव्या मजल्यावर गेला. लिफ्टचं दार आगीतच उघडलं. त्या रात्री गेलेला तो एकच माणूस. अग्निशमन दलाला पहिली खबर इमारतीतून नाही, बाहेरच्या लोकांकडून मिळाली. पाच मजले जळाले. त्या रक्षकांना दोष देणं मला एके काळी फार सोपं गेलं असतं.

आता आमची पेटी.

२०१८ च्या जून-जुलैमध्ये पावसाबरोबर तिचं टिट-टिट सुरू झालं. मिनिटामिनिटाला, रात्रभर. पहिल्या मजल्यावरच्या आजींना झोप लागेना. आमचे वॉचमन, सगळे त्यांना मामा म्हणत, बटण दाबून आवाज बंद करत, पण दुसऱ्या दिवशी तो परत यायचा. (तो का परत यायचा हे मला तेव्हा माहीत असतं तर!) कमिटीत विषय निघाला. दुरुस्तीवाल्या एजन्सीने वायर शोधायला अकरा मजल्यांचं छत उघडावं लागेल म्हणून मोठा आकडा सांगितला. रंगकामाचा खर्च डोक्यावर होता. ठरलं की दुरुस्ती दिवाळीनंतर, तोवर आवाजाचं काहीतरी करा. तो तरुण मुलगा लॅपटॉप घेऊन आला आणि त्याने तो प्रश्न विचारला.

मी म्हणालो, "आवाज नको."

तो म्हणाला, "सर, मग फक्त दिवा राहील. लक्ष कोण ठेवणार?"

मी म्हणालो, "मामा बघतील."

मामांना मात्र मी काहीच सांगितलं नाही. ऑगस्टमध्ये केव्हातरी मामांनीच मला थांबवून विचारलं, "सर, हा पिवळा दिवा लागलेलाच असतो. चालतंय ना?" मला भाजी आणायला जायचं होतं. म्हटलं, "चालतंय हो."

नोव्हेंबरमध्ये एका पहाटे मीटरच्या खोलीतली केबल जळायला लागली. तिथल्या उपकरणाला धूर कळला, पेटीवर लाल दिवा लागला, पेटीचा आपला आवाजही झाला. पण मामा त्या वेळी मागच्या बाजूला टाकीचं पाणी सोडत होते, आणि मजल्यांवरचे भोंगे वाजलेच नाहीत. तुटलेली वायर भोंग्यांचीच होती. पेटी चार महिने नेमकं तेच सांगत होती. धूर केबलच्या डक्टमधून वर चढला. दूधवाल्याने आरडाओरडा केला तेव्हा लोक उठले. चौथ्या मजल्यावरचे माझे फिरायला जाण्याचे सोबती, दम्याचे रुग्ण, नऊ दिवस अतिदक्षता विभागात होते. वाचले. पण त्यानंतर आमचं टेकडीवर जाणं संपलं ते कायमचं.

पुढच्या आठवड्यात सभा झाली. सगळ्यांचा एकच प्रश्न, वॉचमन काय करत होता? मी काही बोललो नाही. इतिवृत्त लिहायचं काम सेक्रेटरीचं. 'वॉचमनच्या हलगर्जीपणामुळे' हे शब्द वहीत माझ्या अक्षरात आहेत. मामांना बदलून दुसरा माणूस पाठवायला एजन्सीला सांगितलं.

दुसऱ्या एजन्सीने सगळी वायर तपासली तेव्हा आणखी एक गोष्ट निघाली. वरच्या मजल्यांच्या एका वायरीचा तो शेंगदाण्याएवढा रेझिस्टर शेवटच्या टोकाला नव्हताच. कुणीतरी तो पेटीच्या आतच, वायर जिथे सुरू होते तिथे बसवून ठेवला होता. म्हणजे पेटीला वाटत होतं वायर शाबूत आहे, प्रत्यक्षात ती दाराबाहेर पडल्या पडल्या तुटलेली असली तरी तिला कळलं नसतं. गुरख्याने पोलीस चौकीत बसूनच काठी आपटावी तसं. आणि आपल्या राज्यात २००६ चा अग्निसुरक्षा कायदा आहे, त्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं 'फॉर्म बी' प्रमाणपत्र द्यावं लागतं. यंत्रणा चालू स्थितीत आहे म्हणून. आमच्या फाइलमध्ये ती सगळी प्रमाणपत्रं व्यवस्थित पंच करून लावलेली होती. मीच लावली होती.

हे बॉस्टन, शिकागो मी त्यानंतर वाचायला लागलो. का ते कळलंच असेल. वाचता वाचता त्या ब्रुनो गॉलपाशी आलो आणि पुढे जाईना. त्याने पेटी ओढली की नाही हे कुणालाच ठरवता आलं नाही. आमच्या बाबतीत तसा काही प्रश्न नव्हता. त्या मुलाने काय विचारलं, मी काय म्हणालो, मामांनी काय विचारलं, मी काय म्हणालो, मला सगळं माहीत होतं.

२०१९ च्या वार्षिक सभेत मी पत्र वाचून दाखवलं आणि इतिवृत्तातली ती ओळ दुरुस्त करून घेतली. दोन-चार जण नाराज झाले, झालं गेलं ते कशाला उकरता म्हणाले. चौथ्या मजल्यावरचे मित्र काहीच बोलले नाहीत. नंतर लिफ्टमध्ये त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो का ठेवला हे मी विचारलं नाही.

मामांचा पत्ता एजन्सीकडून मिळवला. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला एका नव्या इमारतीत लागले होते. एका संध्याकाळी रिक्षा करून गेलो. मी माफी मागायला सुरुवात केली तर त्यांनी मला खुर्ची दिली, टपरीवरून चहा मागवला आणि म्हणाले, "सर, मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो मामा, विचारलं होतं."

त्यांच्या मागे भिंतीवर तशीच लाल पेटी होती. पिवळा दिवा लागलेला. मी बघतोय हे त्यांना दिसलं. टेबलाचा खण उघडून त्यांनी एक शंभर पानी वही काढली. रोजची तारीख, रात्रीची वेळ, आणि प्रत्येक ओळीत एकच वाक्य : 'पिवळा लागला आहे. साहेबांना कळवले.' पाच पानं भरली होती.

"इथले सेक्रेटरी पण बघू म्हणतात," मामा म्हणाले. "म्हणून लिहून ठेवतो. तुम्ही मास्तर आहात, जरा शुद्धलेखन बघा."

मी खिशातून पेन काढलं. चूक एकही नव्हती. शेवटच्या ओळीखाली तारीख घालून सही केली आणि तिथल्या सेक्रेटरींचा फोन नंबर मागून घेतला.